वसंतराव एकदाचे बोलले

एखादी कादंबरी वाईट आहे हे ठरवायला किती पाने वाचावी लागतात, याचे माझ्याकडे नेमके उत्तर आहे : एकोणीस. विसाव्या पानापासून पुढे जे वाचावे लागते त्याला वाचक जबाबदार नसतो, परिस्थिती असते. माझी परिस्थिती म्हणजे माझी आत्या नर्मदाबाई आणि तिचा उजवा डोळा.

आत्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ८६ सालच्या जुलैत परभणीला झाले. चाळीस दिवस वाकायचे नाही, चुलीपाशी जायचे नाही, उन्हात निघायचे नाही, असे सांगून डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि आम्ही तिला मानवतला आमच्या घरी आणले. तिसऱ्या दिवशी आत्या बसून बसून बेजार झाली. तिला कुणीतरी काहीतरी वाचून दाखवावे असे ठरले. ‘कुणीतरी’ म्हणजे मी. मी नुकताच रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो होतो आणि दिवसा घरात सापडणारा तेवढाच एक साक्षर माणूस होतो.

अगदी रिकामा मात्र नव्हतो. माझ्या शर्टाच्या खिशात एम.एस्सी.ला औरंगाबादला नंबर लागल्याचे पत्र आणि त्यासोबतचा एक फॉर्म होता. सोमवारी, १८ ऑगस्टला दुपारी बारापर्यंत मूळ प्रमाणपत्रे आणि पालकाच्या सहीचा फॉर्म घेऊन स्वतः हजर व्हायचे, नाहीतर जागा पुढच्याला. पालक म्हणजे माझे वडील, किशनराव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. आबांचे मोंढ्यात बी-बियाणे आणि फवारणीच्या औषधांचे दुकान. माझा निकाल लागला त्याच आठवड्यात त्यांनी पेंटर बोलावून दुकानाच्या पाटीवर माझे नाव बी.एस्सी.सकट रंगवून घेतले होते. शिवाय विद्यापीठाच्या नामांतराची, मोर्च्यांची, बंदची बातमी पेपरात आली की ते ‘हं’ म्हणत आणि पान उलटत. पाटी आणि ‘हं’, एवढ्या दोन निरीक्षणांवरून आबा सही करणार नाहीत असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष इतका पक्का होता की त्यांना विचारण्याची गरजच उरली नाही. रोज सकाळी फॉर्म कालच्या शर्टातून आजच्या शर्टात जाई, एवढीच त्या प्रकरणाची प्रगती.

आत्याला खरे तर पोथी हवी होती. पण पोथी वाचायची तर आंघोळ, धूतवस्त्र, आसन असा बराच पूर्वतयारीचा भाग असतो. मी आत्याला समजावले की कादंबरी ही पोथीसारखीच असते, मोठी असते आणि तिच्यातही माणसांना त्रास होतो. आत्याला हे पटले. पुढे मला कळले की नको इतके पटले.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल दिनकरराव हे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांनी स्टुलावर चढून तांबड्या कापडी बांधणीचा एक ग्रंथ काढला, फुंकर मारली आणि ‘कौटुंबिक हाय, बायामाणसं लय रडतेत,’ अशी शिफारस केली. तुम्ही वाचली आहे का, असे मी विचारले. मिठाईवाल्याला ‘तुमी पेढे खाता का’ विचारल्यावर तो जसा बघतो तसे त्यांनी माझ्याकडे बघितले. कादंबरीचे नाव होते ‘तुटल्या तारांचा तंबोरा’. कार्डावर पृष्ठसंख्या ४१२ लिहिली होती.

कथा सांगायला वेळ लागत नाही, कारण ती अकराव्या पानावर संपते. तात्यासाहेबांचा मोठा छापखाना असतो. धाकटा मुलगा वसंतराव यांना परगावी जाऊन गाणे शिकायचे असते. अकराव्या पानावर गुरुजींचे बोलावण्याचे पत्र येते. आता तात्यासाहेबांना फक्त सांगायचे. बाराव्या पानावर वसंतराव सांगत नाहीत. तेराव्यावर सांगत नाहीत. पत्र तंबोऱ्याच्या खोळीत ठेवून ते गच्चीवर जातात आणि आकाशाकडे बघतात. तोवर खाली मोठा भाऊ छापखाना गिळतो, मोठी जाऊ वसंतरावांच्या बायकोचे, नलिनीचे, दागिने अंगावर घालून हळदीकुंकवाला जाते, आणि वसंतराव गच्चीवर असतात.

त्या पत्रात आणि माझ्या खिशातल्या पत्रात काही साम्य आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. शास्त्राच्या विद्यार्थ्याला हे लिहिणे कठीण जाते, पण खोटी नोंद करू नये.

एकोणिसाव्या पानावर मी आत्याला म्हणालो, हे पुस्तक बरोबर नाही, दुसरे आणतो. तोपर्यंत ओसरीवर शेजारच्या कडूबाई तांदूळ निवडायला येऊन बसू लागल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर गोजरबाई. पुस्तक बदलायचे म्हणताच तिघींनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी देवळाची घंटा काढून विकायला निघालो आहे. एकदा बसलेली पोथी अर्धवट उठवत नसतात, आणि ज्याने बसवली त्यानेच तडीस न्यायची असते. मधे वाचणारा बदलला तरी दोष लागतो. ही कादंबरी आहे, पोथी नाही, असे मी म्हणालो. कडूबाईंनी शांतपणे माझेच वाक्य मला ऐकवले. मोठी असते आणि माणसांना त्रास होतो, तूच मनला होतास न्हवं?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी ओसरीवर आलो तर पुस्तक पाटावर होते. पाटाखाली रांगोळी, शेजारी उदबत्ती, आणि तांबड्या बांधणीवर हळदकुंकू. मी घाईने पुस्तक उघडले तर आत वाचनालयाच्या शिक्क्यावरही कुंकू. हे सरकारी अनुदानातले पुस्तक आहे, असे मी कळवळून सांगितले.

“शिक्क्यालाबी लावलंय की,” गोजरबाई म्हणाल्या. “तेला एकट्याला कामून सोडायचं?”

मी हिशोब केला. बैठकीला चौदा पाने. सोमवारच्या बाजाराचे आणि सणावाराचे खाडे धरले तर पंधरा ऑगस्टच्या आसपास सुटका. तोवर करायचे काय, म्हणून प्रात्यक्षिकाच्या जुन्या वहीत मी निरीक्षणे लिहू लागलो. दोनशे पानांअखेर उसासे त्रेसष्ट, गच्ची एकेचाळीस वेळा, आणि वसंतरावांनी पूर्ण वाक्य उच्चारल्याचे प्रसंग सात. त्यांतले तीन ‘पाणी दे’.

श्रोते मात्र वाढत गेले. माझी समजूत होती की कादंबरी फसली की लोक उठून जातात. आमच्या गल्लीत उलटे झाले. वसंतरावांचा राग येऊन बायका घरी जात, स्वयंपाक करताना तो राग जावेला सांगत, आणि दुसऱ्या दिवशी जाऊ स्वतः खात्री करून घ्यायला येई. प्रत्येकीचा सल्ला वेगळा. गोजरबाईंच्या मते नलिनीने माहेरी जाऊन बसावे. आत्याच्या मते वसंतरावांना लहानपणी कुणीतरी दूध कमी पाजलेले असावे आणि तात्यासाहेब कसाई असावेत; त्या बापाला नावे ठेवणे तिचे रात्री जेवतानाही चाले. कडूबाईंचे एकच होते, घराला गच्ची बांधणाऱ्या गवंड्याला आधी धरा. हे सगळे सल्ले मला उद्देशून दिले जात. मी ऐकून घेत असे, कारण वसंतराव हजर नव्हते.

होता होता मीच वसंतराव झालो. पाणी भरायला निघालेल्या बाया मला लांबून विचारीत, बोलला का रं आज? मी मान हलवी. त्या ‘तुझ्याच्यानं काय व्हायचं’ अशा नजरेने पुढे जात. एके दिवशी भाजीवाल्याने ‘वसंतराव, भेंडी कवळी हाय’ म्हणून हाक मारली. मी रसायनशास्त्रात विशेष प्रावीण्य मिळवलेला माणूस. पण मी वळून बघितले, आणि भेंडी घेतली, हे जास्त वाईट.

मग दिनकरराव आले. पंधरा दिवसांची मुदत उलटली होती आणि पुस्तकाला कुंकू लागल्याची बातमी वाचनालयापर्यंत पोचली होती. एका पुस्तकाला एक वाचक असा नियम असताना इथे सव्वीस जण एकाच कार्डावर वाचत आहेत, असे त्यांनी उंबऱ्यात उभे राहून जाहीर केले आणि पुस्तक मागितले. आत्या म्हणाली, घेऊन जा, पण बसलेली पोथी उठवल्याचा दोष कुणाच्या माथी, एवढं सांगून जा. दिनकररावांनी थोडा विचार केला. एवढा अध्याय होऊ द्या म्हणून ते टेकले. वसंतराव त्या दिवशी गच्चीचा जिना चढता चढता थांबले होते, तेव्हा काहीतरी घडणार असे वाटत होते. दुसऱ्या दिवशी दिनकरराव घरून खुर्ची घेऊन आले. मुदतवाढीच्या अर्जावर त्यांनी स्वतःच शेरा मारला : ‘वाचन सार्वजनिक स्वरूपाचे असल्याने विशेष बाब.’

सांगतेचा दिवस ठरला शनिवार, सोळा ऑगस्ट. म्हणजे रविवारी निघून सोमवारी औरंगाबादला पोचता येत होते. फक्त फॉर्मवर सही नव्हती. आईने तो कपडे धुताना दोनदा खिशातून काढून टेबलावर ठेवला होता. मी दोनदा उचलून परत खिशात ठेवला होता. रोज जेवताना आबांसमोर बसलो की मी पाणी मागत असे.

शुक्रवारी झेंडावंदन करून घरी आलो आणि उद्या किती वाचायचे आहे ते बघावे म्हणून कादंबरीचा शेवट प्रथमच उघडला. आधी का उघडला नाही, याला कारण आहे. प्रयोगाचे उत्तर आधी बघितले की निरीक्षणे बिघडतात, असे आम्हाला शिकवलेले. ३९६व्या पानावर वसंतराव तात्यासाहेबांच्या दारावर टकटक करतात. तात्यासाहेब म्हणतात, “ये.” त्यापुढे तांबडा पुठ्ठा. सोळा पाने, म्हणजे अख्खा शेवटचा फर्मा, बांधणीतच नव्हता.

मी धावत वाचनालयात दिनकररावांकडे गेलो. ते झेंड्याची दोरी सोडवत होते. त्यांनी देवघेवीचे रजिस्टर काढले. नऊ वर्षांत अकरा जणांनी हे पुस्तक नेले होते आणि एकानेही पाने नसल्याची तक्रार केली नव्हती. नऊ वर्षांत शेवटपर्यंत पोचलेला मी पहिलाच वाचक होतो. कुणी मला हे शाल देऊन सांगितले असते तरी वाईट वाटले असते.

प्रकाशकाला पत्र लिहायला वेळ नव्हता आणि श्रोत्यांना खरे सांगायची आमची छाती नव्हती. कडूबाईंनी आधीच बजावले होते की हा शेवटच्या अध्यायातसुद्धा बोलला नाही तर कुणी प्रसाद घेणार नाही. दिनकररावांनी मार्ग काढला. शेवट आपण करायचा, थोडक्यात, आणि पुस्तक कुणाच्या हातात द्यायचे नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत आकडे बनवून लिहिणाऱ्या मुलांचा मला तीन वर्षे तिरस्कार होता. मी रात्रभर तळमळून एक स्वच्छ शेवट ठरवला : टायफॉईड.

शनिवारी तीन वाजता ओसरी भरली, अंगण भरले. आत शिरा शिजत होता. सांगतेला घरच्या यजमानाने टोपी घालून वाचणाऱ्याच्या समोर बसायचे असते आणि शेवटचा अध्याय पुरा होईपर्यंत उठायचे नसते. त्यामुळे आबा अर्धा दिवस दुकान बंद करून आले आणि माझ्यापासून दोन हातांवर पाटावर बसले. त्यांनी यातले एक अक्षर ऐकलेले नव्हते. त्यांनी दिनकररावांना हळूच विचारले, काय चाललंय ह्यात?

“पोराला शिकायला जायचंय,” दिनकरराव म्हणाले. “बापाला सांगंना.”

“मग चारशे पानं काय करायलाय?”

“गच्चीवर हाय.”

मी ३९६वे पान वाचले. टकटक झाली. तात्यासाहेब ‘ये’ म्हणाले. मी पान उलटले, तांबड्या पुठ्ठ्याकडे बघितले आणि वाचू लागलो की वसंतरावांना उंबऱ्यातच थंडी वाजून ताप भरला. ताप मी १०३.६ दिला. डॉक्टरांनी नाडी बघून मान खाली घातली.

“थांब,” कडूबाई म्हणाल्या. “मरायचं तर मरू दी त्याला. पर बापाला सांगितल्याबिगर न्हाई मरायचं. महिना झाला आमी बसलाव हितं.”

अंगणातून दुजोरा आला. मी डॉक्टरांना बाजूला केले. दिनकरराव डोळे मिटून बसले होते. वसंतरावांना उठवून बसवण्याशिवाय इलाज नव्हता.

“‘तात्यासाहेब,’ वसंतराव म्हणाले, ‘मला तुम्हाला एक सांगायचे आहे.’”

ओसरीवरच्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास सोडला. आता पुढचे वाक्य हवे होते, आणि गाणे या विषयातले मला काहीही येत नव्हते. माझ्या डोक्यात एकच मजकूर तयार होता. तो महिनाभर तयारच होता.

“‘मला पुढे शिकायचे आहे. पत्र आले आहे. मी ते रोज एका शर्टातून दुसऱ्या शर्टात ठेवतो. दुकानात बसायची मला लाज नाही. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मी शेतकऱ्याला वाचून दाखवीन. पण त्या बाटलीत नेमकं काय असतं, ते कापसाच्या पानावर पडलं की काय होतं, हे मला स्वतः करून बघायचं आहे. दोन वर्षं लागतील. परवा सोमवारी शेवटची तारीख आहे, आबा.’”

तात्यासाहेबांचा छापखाना होता. त्यांना आजवर कुणीही आबा म्हटलेले नव्हते.

आत्याचा काळा चष्मा हळूहळू माझ्याकडे वळला. गोजरबाईंनी ‘हे आबा कोन?’ असे विचारायला सुरुवात केली आणि कडूबाईंचे कोपर लागल्याने ते अर्धेच राहिले. मी पुठ्ठ्याकडे बघत होतो. पुठ्ठ्यावर वाळवीने केलेली एक वाट होती. ती डावीकडून उजवीकडे जाऊन मधेच संपत होती.

यजमानाने उठायचे नसते म्हणून आबा उठले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक दिले. दिनकरराव ‘अं’ असे काहीतरी म्हणाले, पण उशीर झाला होता. आबांनी पुठ्ठ्यावरून तळवा फिरवला, पुस्तक मला परत दिले.

“मग? बाप काय मनला?”

“पुढं पानं नाहीत, आबा.”

“मागं तर हायेत न्हवं? एवढ्या पानांत बाप एकदातरी न्हाई मनला का?”

मी उसासे मोजले होते. गच्ची मोजली होती. या गोष्टीसाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता. मी आठवू लागलो. तात्यासाहेब रागावतात, खोकतात, छापखान्यात जातात, पेपर वाचतात. दिनकररावांनी डोळे उघडले आणि सावकाश मान हलवली. तात्यासाहेब ‘नाही’ म्हणालेच नव्हते. कुठेच नाही.

“बापाला कुनी इचारलंच न्हाई,” आबा म्हणाले. “आन् महिनाभर तुमी समदे बापाला नावं ठिवायलाव.”

सगळ्या बायका पदर सारखे करू लागल्या. तात्यासाहेबांना सर्वांत जास्त नावे आत्याने ठेवली होती. तिने चष्मा नीट बसवला.

“काढ तो कागद,” आबा मला म्हणाले. “टेबलावर दोनदा बघितलाय मी. मनलं, आज बोलंल, उद्या बोलंल. हा गडी जेवायला बसला की नुसता पानी मागायलाय.”

मी फॉर्म काढला. महिनाभर घामात राहून तो कापडासारखा मऊ झाला होता. दिनकररावांनी पेन दिले. दस्कत कुठं करायची, असे आबांनी विचारले, आणि मी बोट ठेवलेल्या जागी, एरवी दुकानाच्या कागदांवर ओढतात तशी एक रेघ न ओढता, सबंध नाव लिहिले. वडिलांच्या नावासकट. शाई वाळेपर्यंत फुंकर मारली. मला धन्यवाद म्हणायचे होते, पण आमच्या घरी तो शब्द कुणी वापरत नाही, म्हणून मी त्यांच्या पाया पडलो. त्यांची टोपी माझ्या डोक्याला लागून वाकडी झाली.

“आता त्याला मारू नको रं,” कडूबाई म्हणाल्या. “ताप उतरव त्याचा.”

मी पुस्तक पुन्हा उघडले आणि वसंतरावांचा ताप ९८.४ वर आणला. नलिनीचे दागिनेही परत देऊन टाकले, अंगणातून मागणी होती. मग शिरा वाटला. दोनदा घेणारे पुष्कळ निघाले.

त्या कादंबरीच्या लेखकाला मी कधी भेटलो नाही, आणि तिच्याविषयीचे माझे मत आजही तेच आहे. नायक दुबळा आहे, कथानक अकरा पानांचे आहे, आकाशाची वर्णने एकसारखी आहेत. पण वसंतराव बाराव्या पानावर बोलले असते तर कडूबाई तांदूळ निवडून घरी गेल्या असत्या, सांगता झाली नसती, आबा टोपी घालून माझ्यासमोर बसले नसते, आणि मी अजूनही शर्ट बदलत बसलो असतो. इतक्या चिकाटीने गप्प राहिल्याबद्दल मी त्या माणसाचा ऋणी आहे. चांगल्या पुस्तकांचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत, पण सही कुणीही मिळवून दिलेली नाही.

रविवारी सकाळी आबा बॅग घेऊन स्टँडपर्यंत आले. कडूबाई आणि गोजरबाई उरलेला शिरा डब्यात घालून आल्या. आत्याला उन्हात यायची बंदी होती, म्हणून तिने निरोप पाठवला की पोचल्याचे पत्र टाक, वाचायला दिनकरराव येणारच आहेत. आबा खिडकीपाशी जागा धर एवढेच म्हणाले. पण ते गाडी वळेपर्यंत तिथेच उभे होते. मी मान बाहेर काढून बघितले आहे. कडूबाईंनी मात्र खिडकीतून माझे मनगट धरले.

“तिकडं कुनी काई इचारलं तर गप बसू नको,” त्या म्हणाल्या. “तिकडं आमी न्हाई.”

गाडी सुटली. कंडक्टर आला आणि कुठे म्हणाला. मी ‘औरंगाबाद’ असे इतक्या मोठ्याने सांगितले की पुढच्या सीटवर झोपलेले लेकरू दचकून उठले आणि त्याच्या आईने मला सेलूपर्यंत ऐकवले.